फायलीत नसलेली रात्र

रेल्वेमार्ग टाकायचा असेल तर पर्यावरणावरच्या परिणामांचा अभ्यास करण्याचे बंधन आपल्याकडे नाही. २००६ सालच्या केंद्रीय अधिसूचनेत खाणी आहेत, धरणे आहेत, महामार्ग आहेत, विमानतळ आहेत. रेल्वे नाही. मेट्रोही नाही. वाटेत जंगल आले तर १९८०चा वनसंवर्धन कायदा लागतो, अभयारण्य आले तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाकडे जावे लागते, शहरातले झाड आले तर वृक्ष प्राधिकरणाकडे. ही तीन दारे सोडली, तर रुळांच्या वाटेत कोण राहते हे विचारणारे कुणी नसते.

पुण्याजवळच्या हिंजवडी आयटी पार्कच्या फेज टूमध्ये नकाशांच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या एका तरुणीला हे पहिल्यांदा कळले ते २०२०मध्ये. ती मूळची खानापूर तालुक्यातली, बेळगाव जिल्ह्याच्या त्या पश्चिम टोकाची, जिथून घाट उतरला की गोवा लागतो. टाळेबंदी लागली, कंपनीने सगळ्यांना घरून काम करायला सांगितले आणि ती वाकडची भाड्याची खोली बंद करून गावी गेली. दिवसा कंपनीचे काम आणि रात्री, रेंज येईल त्या कोपऱ्यात बसून, दुसरे. गोव्यातल्या एका मैत्रिणीने फोनवर विचारले होते, "तुला नकाशे येतात ना? मग जरा मोल्याचं बघ."

भगवान महावीर अभयारण्य आणि त्यातले मोले राष्ट्रीय उद्यान मिळून सुमारे २४० चौरस किलोमीटरचे जंगल आहे. त्याच जंगलातून तीन प्रकल्प एकाच वेळी जाणार होते. महामार्ग चौपदरी होणार होता, ४०० केव्हीची वीजवाहिनी येणार होती आणि कॅसलरॉक ते कुळे हा दक्षिण पश्चिम रेल्वेचा घाटातला मार्ग दुपदरी होणार होता. तिन्ही मिळून पन्नास हजारांहून अधिक झाडे जाणार, असे सांगितले जात होते. २०१९च्या डिसेंबरपासून २०२०च्या एप्रिलपर्यंत वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने या प्रकल्पांना हिरवा कंदील दिला. एप्रिलची बैठक तर टाळेबंदीत, व्हिडिओ कॉन्फरन्सवर झाली. लोक घरात बंद होते, त्यामुळे विरोधही घरातूनच सुरू झाला. 'आमचें मोलें' या नावाखाली शास्त्रज्ञ, वकील, चित्रकार, विद्यार्थी, गृहिणी असे कितीतरी जण जमले, आणि त्यांतल्या अनेकांनी एकमेकांना कधी प्रत्यक्ष पाहिलेलेही नव्हते.

घाटातला हा लोहमार्ग जुना आहे. पोर्तुगीज काळात, १८८८च्या सुमारास, मुरगाव बंदर आणि ब्रिटिश मुलूख जोडण्यासाठी तो बांधला गेला. दूधसागरच्या अंगावरून जाणारी ती गाडी सिनेमात सगळ्यांनी पाहिली आहे. चढ इतका तीव्र की सदतीस मीटर पुढे गेले की एक मीटर वर. मालगाड्यांना मागून जादा इंजिने लावून ढकलावे लागते. दुसरा रूळ टाकायचा म्हणजे याच डोंगराला पुन्हा कापायचे, नवे बोगदे, नवे पूल, आणि कामासाठी यंत्रे नेणारे रस्ते. नकाशावर एक रेघ दिसते, पण तिची रुंदी प्रत्यक्षात किती, हे दाखवणे हेच तिच्या वाट्याचे काम होते. उपग्रहाच्या चित्रावर रेघ ठेवायची, तिच्या दोन्ही बाजूंना कामाचा पट्टा आखायचा, ओढे कुठे तुटतात ते दाखवायचे आणि हे सगळे एका पानावर असे बसवायचे की मडगावच्या मासळीबाजारातल्या बाईलाही कळावे. कंपनीत ती हेच काम करत होती, फक्त तिथे गिऱ्हाईक वेगळे होते.

याच कामात वटवाघळांशी तिची गाठ पडली.

मोल्याच्या वर, त्याच डोंगररांगेत, तिच्याच तालुक्यात बारापेडे नावाच्या गुहा आहेत. तिथे १९१२ साली एक वटवाघूळ सापडले. लांब कान, शेपटी मोकळी, अंगावर तपकिरी मखमलीसारखी लव. पुढच्या वर्षी प्राणिशास्त्रज्ञ ऑल्डफील्ड थॉमस यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि मुंबई इलाख्यात वनाधिकारी असलेल्या रॉटन यांचे नाव त्याला दिले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सस्तन प्राण्यांच्या मोठ्या पाहणीशी हेच रॉटन जोडलेले होते. पुढे कित्येक दशके हे वटवाघूळ जगात बारापेड्याशिवाय कुठेच माहीत नव्हते. मग मेघालयात आणि कंबोडियात सापडले. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ-हत्तींच्या रांगेत, ज्या मोजक्या वटवाघळांना जागा मिळाली त्यांत हे एक. २०११च्या डिसेंबरात भीमगड अभयारण्य जाहीर झाले आणि या गुहा त्याच्या हद्दीत आल्या.

शाळेत असताना तिने हे कधी ऐकले नव्हते. गावापासून चालत जाण्याच्या टप्प्यातली गुहा जगातल्या प्राणिशास्त्रज्ञांना माहीत होती आणि गावातल्या शाळेला नव्हती, याचे तिला वाईट वाटले, आणि ते वाईट वाटणे फार उपयोगी पडले. तिने वाचायला सुरुवात केली.

वाचताना जे लक्षात आले तेच या सगळ्या लेखाचे कारण आहे. प्रकल्पांच्या पाहण्या बहुतेक दिवसा होतात. जीपमधून उतरायचे, रस्त्याकडेची झाडे मोजायची, पक्षी लिहायचे, चारच्या आत परत फिरायचे. रात्री जंगलात थांबायला परवानगी लागते, वेळ लागतो, खर्च लागतो. कीटक खाणारी वटवाघळे ओळखायची तर त्यांचे आवाज पकडणारे यंत्र लागते, कारण ते आवाज माणसाच्या कानाच्या पलीकडचे. म्हणून अहवालात मोर येतो, माकड येते, भेकर येते आणि वटवाघळांच्या पुढे दोन-तीन नावे किंवा कोरी जागा. कोर्टात किंवा समितीपुढे फायलीत असते तेच बोलते. जी रात्र कुणी पाहिलीच नाही, ती फायलीत कुठून येणार? चळवळीचे खरे काम घोषणा देणे एवढेच नसते. सरकारी कागदात जे आलेच नाही ते पुराव्यासकट त्या कागदाला जोडणे, हे त्यातले सर्वांत मोठे काम. या बाबतीत तिचे मत अगदी ठाम आहे, आणि मलाही ते पटते.

पण साल होते २०२०. वटवाघळाचे नाव काढायला याच्याइतका वाईट काळ शोधून सापडला नसता. करोनाच्या पहिल्या महिन्यांत देशात ठिकठिकाणी वटवाघळांची झाडे तोडा, त्यांना हाकला, अशी मागणी होत होती. दक्षिण आशियातल्या साठाहून अधिक वटवाघूळ-अभ्यासकांनी एप्रिलमध्ये एकत्र पत्रक काढून सांगितले की हा आजार वटवाघळांकडून थेट माणसाला होतो याला पुरावा नाही, त्यांना मारू नका. पत्रक इंग्रजीतून होते, गावागावात पोचायला वेळ लागला. तिच्या काकांनी तिला अंगणात विचारले होते, "वाघळांसाठी कोण भांडतंय गे? माणसं मरायलीत." त्यावर तिने वाद घातला नाही. घरामागच्या रानातली उंबराची आणि जांभळाची रोपे कुणी लावली, एवढेच विचारले. काका गप्प राहिले, पण त्यांना उत्तर माहीत होते. रानात वाढलेल्या माणसाला ते माहीत असतेच.

पुढच्या वर्षी, जून २०२१मध्ये, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांमध्ये निपाह विषाणूच्या खुणा सापडल्याचे जाहीर केले. तो अभ्यास महत्त्वाचा होता. असा विषाणू कुठे आहे हे माहीत असणे सगळ्यांच्या हिताचे आहे. पण बातम्यांनी त्याचे जे केले त्याने पुन्हा काठ्या निघाल्या. त्या दिवसांत तिने व्हॉट्सॲपवर मराठीत छोटी टिपणे लिहिली. गुहेत शिरू नका, झाडाखाली पडलेले कुरतडलेले फळ खाऊ नका, मेलेले वटवाघूळ हाताने उचलू नका, आणि जिवंत वटवाघळांना हुसकावू नका, कारण घाबरलेली, विखुरलेली वटवाघळेच माणसाच्या जास्त जवळ येतात. झाड वाचवायला निघालेल्या माणसाने आजाराची भीती झटकून टाकून चालत नाही. लोकांची भीती खरी असते, तिला खरे उत्तर द्यावे लागते.

त्याआधीच गोव्यात १ नोव्हेंबर २०२०ची रात्र झाली होती. चांदर गावातल्या फाटकावर दुपदरीकरणाचे काम मध्यरात्रीनंतर होणार होते, त्यासाठी फाटक बंद ठेवण्याचा आदेश निघाला होता. 'गोंयांत कोळसो नाका' या संघटनेने हाक दिली आणि हजारो लोक रुळांवर येऊन बसले, पहाटेपर्यंत. मच्छीमार, शेतकरी, चर्चमधून आलेली माणसे, कॉलेजातली मुले. त्यांचा मुख्य राग कोळशावर होता. मुरगाव बंदरातून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जाणाऱ्या कोळशासाठीच हा दुसरा रूळ हवा, असे त्यांचे म्हणणे. घराच्या खिडकीवर बसणारी काळी भुकटी आणि डोंगरावरचे जंगल हे दोन प्रश्न एकाच मार्गावरचे आहेत, हे त्या रात्री सगळ्यांना कळले. पुढे कित्येकांवर गुन्हे नोंदवले गेले. ती मोबाइलवर बघत जागी होती. ज्या मार्गाचा नकाशा तिने इतके महिने रंगवला होता, त्यावर माणसे बसलेली पहिल्यांदा दिसत होती.

गोवा फाउंडेशनने प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय सक्षम समितीकडे नेले. एप्रिल २०२१मध्ये समितीने अहवाल दिला. रेल्वेच्या जाळ्यातला हा सर्वांत कमी कार्यक्षम तुकडा आहे, तो दुपदरी करण्याला समर्थन सापडत नाही, आणि पश्चिम घाटातले नाजूक जंगल त्यासाठी मोडू नये, असा त्याचा निष्कर्ष होता. ९ मे २०२२ रोजी न्यायालयाने कॅसलरॉक-कुळे दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मान्यता रद्द केली. मात्र दार कायमचे लावले नाही. जैवविविधतेवरच्या परिणामांचा सविस्तर अभ्यास करून रेल्वेला पुन्हा प्रस्ताव आणता येईल, असे निकालात म्हटले आहे. म्हणजे अभ्यास आधी व्हायला हवा होता, एवढे तरी मान्य झाले. खाली सखल भागात, माजोर्डा, कासावली, वेळसावच्या बाजूला, गावांचा विरोध त्यानंतरही चालू राहिला.

ती हिंजवडीला परतली तेव्हा रस्त्यांच्या मध्यावर मेट्रोचे खांब उभे राहत होते.

माण ते शिवाजीनगर, सुमारे २३ किलोमीटर, २३ स्थानके, पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा, म्हणजे पीएमआरडीएचा, खासगी भागीदारीतला प्रकल्प. भूमिपूजन डिसेंबर २०१८मध्ये झाले. हिंजवडीत काम करणाऱ्या माणसाने मेट्रो नको म्हणणे शक्यच नाही. वाकडच्या पुलापासून फेज थ्रीपर्यंत पोचायला ज्यांचे आयुष्य जाते, त्यांना रूळ किती हवेत हे सांगायला नको. तिलाही हवेत. मोल्यातला रूळ आणि हा रूळ एकाच तराजूत घालू नयेत, हे ती सुरुवातीलाच सांगते. तिथे प्रश्न गरजेचाच होता. इथे गरज उघड आहे, प्रश्न कसे बांधायचे हा आहे. खांब कुठे रोवायचा, जिना कुठे उतरवायचा, रस्ता कुठल्या बाजूने वाढवायचा, यात चार-सहा मीटरचा फरक असतो आणि तेवढ्यात एक वड जातो किंवा राहतो. याच मार्गाच्या दुसऱ्या टोकाला, गणेशखिंड रस्त्यावर, जुन्या झाडांचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. पुण्यात २९ एप्रिल २०२३ला नदीकाठच्या झाडांसाठी 'चलो चिपको' म्हणत लोक रस्त्यावर उतरले, त्यातही हिंजवडीच्या आयटीतली मंडळी होती.

त्या सुमारास तिच्या नजरेत एक वड आला. मेट्रोच्या कामामुळे वाहतूक वळवली गेलेला आणि आता रुंद करायचा ठरलेला एक रस्ता आहे, त्याच्या कडेला. कुठला ते इथे लिहीत नाही. वटवाघळांचा पत्ता छापला की संधिवाताच्या तेलासाठी त्यांना मारणारेही तिथे पोचतात. वडावर मोठी वटवाघळे दिवसभर लटकलेली असतात, पंख पसरले की मीटरभराहून लांब. खालून हजारो गाड्या जातात आणि क्वचितच कुणी मान वर करते.

आधी दप्तर शोधावे लागले. हिंजवडी, माण, मारुंजी या ग्रामपंचायती. आयटी पार्क एमआयडीसीचा. मेट्रो पीएमआरडीएची. एक ओढा ओलांडला की पिंपरी-चिंचवड महापालिका. एका कार्यालयात सांगितले, हे आमच्याकडे येत नाही. दुसऱ्यात सांगितले, अर्ज ठेवून जा. माहिती अधिकारात अर्ज टाकला, तेव्हा झाडांची यादी हातात आली. त्यात वडाचा क्रमांक होता, बुंध्याचा घेर होता, अंदाजे वय होते. त्यावर राहणाऱ्यांचा रकानाच नव्हता.

मग मोजणी सुरू झाली. या कामाला महागडे काही लागत नाही. सूर्य मावळला की मोठी वटवाघळे एकेक करून सुटतात आणि उजेड असलेल्या पश्चिमेच्या आकाशावर स्पष्ट दिसतात. चार माणसे चार दिशांना उभी राहतात, दर पाच मिनिटांनी आकडा लिहितात, शेवटी बेरीज. पहिल्यांदा तिच्यासोबत टीममधले दोघे आले, पुढे सोसायटीतल्या निवृत्त शिक्षिका, एक कॅबवाले दादा, आणि बाजूच्या गेटवरचे वॉचमन काका. काका परभणीकडचे. ते म्हणाले, "ताई, आमच्याकडं चिंचेवर असतात ही. आमच्या आज्यानं कुणाला दगड मारू दिला नाही." सगळ्यांत अचूक आकडा त्यांचाच येतो, कारण रात्रपाळीमुळे अंधारात बघायची सवय त्यांच्या डोळ्यांना आहे. शिक्षिकाबाईंनी वही घातली आहे: तारीख, सूर्यास्ताची वेळ, आभाळ, वारा, आकडा. पावसाळ्यात आकडा वेगळा, उन्हाळ्यात वेगळा. मादीला वर्षाला बहुधा एकच पिल्लू होते आणि ते काही आठवडे आईच्या पोटाला चिकटून असते. त्या दिवसांत फांद्या तोडल्या तर काय होईल, हे वहीतल्या तारखांवरून दाखवता येते.

ही वही वड तोडण्याच्या प्रस्तावावरच्या सुनावणीला गेली. समोरून प्रश्न आला, "मॅडम, झाडाचं बोला ना. वटवाघळांचा इथं काय संबंध?" कायद्याच्या चौकटीत तो प्रश्न चुकीचाही नाही. १९७५च्या महाराष्ट्राच्या वृक्ष कायद्यात २०२१मध्ये चांगल्या सुधारणा झाल्या. पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष मानायचे आणि ते तोडले तर त्याच्या वयाइतकी झाडे लावायची, असे ठरले. पण ऐंशी वर्षांच्या वडाबदली ऐंशी रोपे लावली तरी त्यांतल्या एकाही रोपावर एक वटवाघूळ लटकू शकत नाही. पुढची कित्येक वर्षे तरी नाही. शिवाय १९७२च्या वन्यजीव कायद्यात फळे खाणारी वटवाघळे पाचव्या अनुसूचीत होती, कावळे आणि उंदरांबरोबर, उपद्रवी म्हणून. ती अनुसूचीच २०२२च्या दुरुस्तीने काढून टाकली आणि १ एप्रिल २०२३पासून ते लागू झाले. ही गोष्ट अनेक कार्यालयांना अजून माहीत नाही. तिने राजपत्राची प्रत हरकतीला जोडली, त्यानंतर वही बाजूला सारली गेली नाही.

इंग्लंडमध्ये लंडनपासून उत्तरेला जाणाऱ्या एचएस-टू या वेगवान रेल्वेसाठी बकिंगहॅमशायरमधल्या शीपहाउस वुड या जंगलाशेजारी जवळपास किलोमीटरभर लांबीचे छत रुळांवर बांधले जात आहे. बेखस्टाइन नावाची दुर्मीळ वटवाघळे गाड्यांवर आपटू नयेत म्हणून. खर्च दहा कोटी पौंडांच्या वर. २०२४च्या नोव्हेंबरात तो आकडा खुद्द कंपनीच्या अध्यक्षांनी सांगितला आणि तिथे मोठा गदारोळ झाला. हिंजवडीतल्या कॅन्टीनमध्येही ती बातमी हसण्यावारी गेली. तिला मात्र त्यातला धडा वेगळा वाटला. मार्ग आखण्याआधी जंगलातल्या रात्री पाहिल्या असत्या, तर रेघ थोडी सरकवता आली असती. रेघ पक्की झाल्यावर वटवाघळे आठवली की छत बांधावे लागते. आपल्याकडे छत कुणी बांधणार नाही, म्हणून आपल्याला आधीच पाहणे भाग आहे.

वडाचा प्रस्ताव अजून निकाली निघालेला नाही. झाड उभे आहे, वही चालू आहे. कॅबवाल्या दादांनी आपल्या गावाकडच्या, मुळशीतल्या, दोन झाडांवर अशीच मोजणी सुरू केली आहे. मोल्याच्या घाटात रूळ अजून एकपदरीच आहे.

वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या रस्त्यावरच्या एखाद्या जुन्या वडावर, चिंचेवर किंवा निलगिरीवर तोडीची नोटीस लागली, तर हरकतीला सहसा सात दिवस असतात. त्यांतल्या एका संध्याकाळी सूर्यास्ताच्या थोडे आधी झाडाखाली न जाता जरा लांब उभे राहा आणि कोण उडते ते मोजा. हरकतीत झाडाचा क्रमांक, तारीख, सूर्यास्ताची वेळ आणि मोजलेला आकडा लिहा, सोबत उभ्या असलेल्यांच्या सह्या घ्या, आणि पोचपावतीवर शिक्का मिळाल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.